उसना श्वास

देवानं एकदा केलेली गोष्ट दुसऱ्यांदा जशीच्या तशी करून दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नशिबानं तो माझा साडू निघाला. देव स्वतः या भानगडीत पडत नाही. एका झाडाची दोन पानं त्यानं कधी सारखी केली नाहीत. आमच्या साडूंना हे पटत नाही. जे एकदा झालं ते पुन्हा होऊ शकतं, फक्त नीट लक्ष द्यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. हुबळीच्या गोकुळ रोडवर जळालेल्या पंपांच्या मोटारींना नव्यानं तार गुंडाळून देण्याचं त्यांचं वर्कशॉप आहे, घर नवनगरला. पण हा झाला पोटाचा धंदा. त्यांचं खरं काम म्हणजे जुन्या सिनेमातली गाणी, कन्नड, हिंदी, मराठी, जी असतील ती, तबकडीवर जशी वाजतात तशी वाजवून दाखवणं. तशी म्हणजे तशी. त्यात एका मात्रेचं, एका खोकल्याचं कमीजास्त चालत नाही. चारपाच माणसांचा त्यांचा वाद्यवृंद आहे, त्याला नाव नाही. फळ्यावर नुसतं लिहिलेलं असतं, ‘मूळ गाणी, जशीच्या तशी. रविवार सकाळी दहा.’ कधी धारवाडला, कधी हुबळीला. मी वकील माणूस, बोलायची सवय आहे, म्हणून निवेदन माझ्याकडं. साडू स्वतः स्टेजवर तोंडातून शब्द काढत नाहीत.

त्यांचं गाणं ऐकणं बघण्यासारखं असतं. आपण गाणं ऐकतो तेव्हा मान हलते, बोटं वाजतात. साडू गाणं ऐकतात तेव्हा एखाद्या डॉक्टरनं छातीला नळी लावावी तसा चेहरा होतो. एकदा मी कौतुकानं म्हणालो, "काय चाल आहे हो अण्णा!" त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. "चाल सगळ्यांनाच ऐकू येते. मागं खुर्ची करकरली ती ऐकलीस का?" मी ऐकली नव्हती. त्यांनी मला ती सात वेळा ऐकवली. सातव्या वेळी मला खरंच ऐकू आली, आणि तेव्हापासून ते गाणं माझ्यासाठी कायमचं बिघडलं. आता मला खुर्चीच ऐकू येते. पुढं कार्यक्रमात ते गाणं झालं तेव्हा बरोबर त्या जागी करकरण्यासाठी त्यांनी वर्कशॉपमधली एक मोडकी खुर्ची आणली होती आणि तिच्यावर मला बसवलं होतं.

एका गाण्यात बैलगाडी जाते. त्या घुंगरांच्या आवाजात एक घंटा जरा बसक्या गळ्याची आहे. ती घंटा मिळवायला साडू दोन महिने दर रविवारी अळणावरच्या बाजूच्या खेड्यांतून फिरले, मी स्कूटरवर मागं. बैल दिसला की उतरायचं, त्याच्या गळ्याशी कान न्यायचा आणि मान हलवायची. शेवटी एका शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यात ती सापडली. शेतकरी म्हणाला, "घंटा कशाला अण्णा, बैलच न्या की. नाहीतरी कामाचा राहिला नाही." साडूंनी त्याला मोठी, लखलखीत नवी घंटा दिली आणि जुनी खिशात घालून आणली. दहा दिवसांनी तो शेतकरी गोकुळ रोडला हजर. बैल चालेना. नवी घंटा बांधल्यापासून दोन पावलं टाकतो, थांबतो, मान वळवून कान देतो आणि उभाच राहतो. साडूंच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. "त्याला कळलं?" असं त्यांनी तीनदा विचारलं. मग त्यांनी शेजारच्या लेथवर पितळेचा तुकडा चढवला, जुन्या घंटेबरहुकूम दुसरी घंटा केली, ती मोडून तिसरी केली, ती घेऊन गावात गेले आणि बैलाच्या गळ्यात बांधली. बैल चालला. शेताच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. तेव्हा त्याची जुनी घंटा त्याला परत मिळाली आणि पास झालेली घंटा आमच्या कार्यक्रमात आली. "त्या पंचक्रोशीत कान असा त्या बैलालाच आहे," असं साडू अजून सांगतात, आणि सांगताना आमच्याकडं बघतात.

माणसांनाही त्यांची परीक्षा चुकलेली नाही. आमच्या गायिका हुबळीच्या एका शाळेत शिक्षिका आहेत. गोड गळा, शांत स्वभाव. शांत नसता तर केव्हाच सोडून गेल्या असत्या. एका गाण्यात मूळ गायिकेला किंचित सर्दी होती असा साडूंचा शोध आहे. "मधल्या ओळीत ‘म’ बघा, नाक चोंदलंय." तेव्हा ते गाणं बाईंना सर्दी झाल्याशिवाय कार्यक्रमात घ्यायचं नाही असं ठरलं. बाईंचे यजमान भले गृहस्थ. घरात शिंक आली की साडूंना फोन करत, "सुरू झालंय, अण्णा. परवापर्यंत तयार होईल." जुन्या स्टुडिओतला घुमारा यावा म्हणून वर्कशॉपच्या गच्चीवरची सिमेंटची रिकामी टाकी त्यांनी धुऊन घेतली आणि बाईंना महिनाभर तिच्यात उभं करून तालीम घेतली. खाली मोटारी दुरुस्तीला घेऊन येणारे लोक वर बघून हात जोडत. त्यांना वाटे, टाकीत देवीची स्थापना केलीय.

आणि अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी, साडूंची पत्नी. जुनी तबकडी वाजताना मागं जी बारीक खरखर असते, ती आणण्यासाठी साडूंनी वाळू घोळवून पाहिली, तांदूळ पाहिले, मोहरी पाहिली. शेवटी राळे पसंत पडले. गाणं चालू असताना पडद्यामागं माइकजवळ बसून अक्का सुपात राळे घोळवते, एका लयीत, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत. "मला बघायला आले तेव्हा यांनी विचारलं, सूप पाखडता येतं का," अक्का सांगते. "मी म्हटलं, घरंदाज माणसं आहेत. हे कुठं माहीत होतं!" असं म्हणते, पण एकदा तिला ताप होता तेव्हा माझ्या बायकोनं सूप हातात घेतलं, तर तापात उठून बसून म्हणाली, "अगं, हळू. पाऊस नाही पाडायचा."

धारवाड हे गाण्याचं गाव. इथं रस्त्यावरचा माणूससुद्धा तानपुरा उतरलाय की नाही सांगतो. अशा गावात नक्कल करणाऱ्याला मान कोण देणार? आमच्या बार रूममधले एक ज्येष्ठ वकील साडूंच्या तोंडावर म्हणाले, "यात तुमचं काय हो? ही नुसती झेरॉक्स." मी रागावलो. साडू मात्र विचारात पडले, आणि म्हणाले, "झेरॉक्सच्या मशीनला कागद वाचावा लागत नाही, वकीलसाहेब. मला वाचावा लागतो." एवढंच. पण घरी येताना माझं घर आलं तरी त्यांनी स्कूटर थांबवली नाही. यात माझं काय, हा प्रश्न त्यांना टोचला होता हे मला कळलं.

त्याच दिवसांत त्यांनी ते बासरीचं गाणं हाती घेतलं. काळ्यापांढऱ्या काळातलं कन्नड गाणं, आमच्याकडं सगळ्यांच्या कानावरून गेलेलं. पहिलं कडवं संपलं की वाद्यं थांबतात, क्षणभर काही नाही, आणि मग बासरी सुरू होते. त्या ‘काही नाही’मध्ये काहीतरी आहे, असं साडूंनी जाहीर केलं. वाजवणाऱ्यानं श्वास घेतलेला ऐकू येतो. एक मोठा, आणि तो पुरला नाही म्हणून लगेच वर एक बारका. तुमच्याआमच्या लेखी दखल घेण्यासारखी गोष्ट नव्हे. साडू पन्नाशी उलटल्यावर बासरी शिकलेले होते, सूर त्यांना तीन महिन्यांत सापडला. श्वास सापडेना. जेवताना, आंघोळ करताना, मोटारीला तार गुंडाळताना ते श्वास घेत. एक मोठा, एक बारका. अक्का घाबरली आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, काही सापडेना. "श्वास अपुरा पडतोय का?" डॉक्टरांनी विचारलं. "पडायला पाहिजे तसा पडत नाही," साडू म्हणाले. आठ महिन्यांनी एका सकाळी वर्कशॉपमधून मला फोन आला. पलीकडून कुणी बोललंच नाही. एक मोठा श्वास, एक बारका श्वास, आणि मग बासरी. मी मूळ गाणं ऐकतोय की साडूंना, हे मला खरोखर सांगता आलं नसतं.

ते गाणं आम्ही पहिल्यांदा धारवाडला केलं. कार्यक्रम संपला, लोक उठले, खुर्च्या आवरायला सुरुवात झाली. स्टेजच्या पायऱ्यांशी एक म्हातारी बाई काठीवर हात ठेवून उभी होती. फिकट इरकली लुगडं, वय ऐंशीच्या पुढं. सप्तापूरला त्यांचं घर आहे आणि वरच्या खोल्यांत कॉलेजच्या मुली भाड्यानं राहतात, त्यामुळं सारं सप्तापूर त्यांना अज्जी म्हणतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "ते बासरीच्या आधी श्वास कुणी घेतला?"

"मी," साडू म्हणाले.

"दोनदा घेतलात."

"मूळ गाण्यात दोनदा आहे, अज्जी. मोठा आणि मग एक बारका."

"आहे. ठाऊक आहे मला," अज्जी म्हणाल्या. "तो आमच्या ह्यांचा आहे."

साडूंच्या हातातली बासरी मी काढून घेतली, नाहीतर पडली असती. अज्जींना आम्ही स्टेजच्या कडेला खुर्ची दिली. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे यजमान तरुणपणी मद्रासला होते, सिनेमाच्या गाण्यांत बासरी वाजवायला. तबकडीवर वाजवणाऱ्यांची नावं नसत, यांचंही नव्हतं. हात गोड होता, पण छातीत दमा. त्या गाण्याच्या वेळी हवा दमट होती, दम लागला होता, आणि माइकनं श्वास पकडला. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. तबकडी बाहेर आल्यावर आलं. संगीतकार म्हणाले, तुम्ही वाजवता छान, पण तुमचा श्वास ऐकू येतो. त्यानंतर बोलावणं आलं नाही. वर्षभर वाट पाहून ते धारवाडला परतले आणि एका शाळेच्या ऑफिसात कारकून झाले.

"रेडिओवर हे गाणं लागलं की ते उठून परसात जायचे," अज्जी म्हणाल्या. "गाणं संपेपर्यंत विहिरीचं पाणी काढत राहायचे. हौद भरलेला असला तरी. आणि मी इकडं कान लावून बसायची. सगळं गाणं सोडा, मला तेवढाच श्वास ऐकायचा असायचा. ते गेले, तबकडी फुटली. परवा वरच्या खोलीतल्या पोरीनं मोबाइलवर लावून दिलं. नवीन, धुतलेलं. सगळं लख्ख ऐकू आलं आणि तेवढं नाही. साफ करून टाकलंय. मला वाटलं, इतकी वर्षं मलाच भास होत होता की काय."

साडू खाली पायरीवर बसले होते. तिथूनच म्हणाले, "अज्जी, तो शिकायला मला आठ महिने लागले."

"काय?"

"सूर तीन महिन्यांत आला. श्वासाला आठ लागले. फार अवघड आहे तो."

अज्जी त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या, खांदे हलेपर्यंत. "अय्यय्यो," त्या म्हणाल्या, "जन्मभर ते लपवत होते, आणि तुम्ही आठ महिने..." आणि मग मात्र खरंच रडल्या.

पुढच्या रविवारी साडू मला घेऊन सप्तापूरला गेले. खिशात वही, आणि यंत्राचे भाग मोजायचं ते स्टीलचं कॅलिपर. प्रश्न तयार होते. उभे राहून वाजवायचे की बसून? वाजवण्याआधी पाणी प्यायचे का? कॉफी? अज्जींनी कॉफी म्हटल्यावर साडूंनी ते लिहून घेतलं. मग अज्जी आत गेल्या आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली बासरी घेऊन आल्या. काळपट झालेली, एका बाजूनं केसाएवढी चीर गेलेली. "वाजवा," त्या म्हणाल्या. साडूंनी दोन्ही हात मागं घेतले. म्हणाले, "मी तोंड नाही लावणार. फक्त मोजतो." दोन तास ते मोजत होते, प्रत्येक भोक, भोकाची कड, आतली पोकळी. अज्जींनी उपीट करून आणलं, ते गार झालं. जाताना त्या चिरेवर त्यांनी रेशमी धागा गुंडाळून दिला. मोटारीच्या तारेला सरावलेली बोटं ती, एक वेढा दुसऱ्यावर चढला नाही.

मग त्यांनी तशीच बासरी करायला घेतली. दांडेलीकडचा बांबू झाला, केरळातून मागवलेला झाला, शेवटी जत्रेत बासऱ्या विकणाऱ्याकडचा झाला. प्रत्येक बासरी घेऊन सप्तापूरला जायचं, अज्जींपुढं वाजवायची, अज्जींनी डोळे मिटून ऐकायचं आणि म्हणायचं, "छलो आहे, चांगली आहे. पण ती नाही." अशा अकरा झाल्या. ज्या माणसानं बैलाला फसवलं तो एका म्हाताऱ्या बाईपुढं अकरा वेळा नापास झाला, आणि दर वेळी जास्तच आदरानं परत आला. अकराव्या वेळी अज्जी म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा हीच वाजवा की."

"त्यांची आहे, अज्जी."

"मग? त्यांचा श्वास घेतलात तेव्हा विचारायला गेला होतात?"

पुढच्या कार्यक्रमाला साडूंच्या हातात ती बासरी होती. अज्जी पहिल्या रांगेत होत्या. गाण्याची पाळी आली, मी निवेदनाला उभा राहिलो, तेवढ्यात साडूंनी माझ्या हातातला माइक घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घसा खाकरून त्यांनी त्या गाण्यात बासरी कुणी वाजवली ते सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, धारवाडचे म्हणून गावासकट. पुढं काय बोलावं ते सुचेना, तेव्हा तेच नाव पुन्हा एकदा सांगितलं आणि माइक मला दिला. लोकांना ते नाव ठाऊक नव्हतं. चारदोन टाळ्या पडल्या. अक्कानं सूप उचललं, गाणं सुरू झालं.

पहिलं कडवं संपलं. वाद्यं थांबली. मी विंगेतून बाहेर बघत होतो. सगळा हॉल शांत, कुणी पंख्याकडं बघतंय, कुणी मोबाइलकडं. साडूंनी श्वास घेतला, मोठा, मग बारका. आणि पहिल्या रांगेत अज्जींची छाती त्याच वेळी वर झाली, थांबली, आणि आणखी थोडी वर झाली. मग बासरी वाजली. मी कोर्टात पस्तीस वर्षं बोलत आलोय, पण त्या दिवशी पुढच्या गाण्याचं निवेदन माझ्याच्यानं झालं नाही. गायिकाबाईंनी माझा कागद घेऊन वाचलं.

त्यानंतर ती प्रथाच पडली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी साडू सप्तापूरला जाऊन बासरी आणायचे आणि कार्यक्रम झाला की त्याच दुपारी परत नेऊन द्यायचे. ठेवून घ्या, असं अज्जी म्हणत. साडू ऐकत नसत. परत द्यायला गेलं की कॉफी व्हायची आणि अज्जी यजमानांची एखादी नवी गोष्ट सांगायच्या. ते कसे रागवायचे, कसे लिंबू पिळायचे, कशी सही करायचे. साडू सगळं लिहून घ्यायचे. गाण्यात त्याचा उपयोग काय, हे मी विचारलं नाही.

मागल्या वर्षी अज्जी लेकीकडं म्हैसूरला गेल्या. आता एकटीनं राहवत नाही म्हणाल्या. बासरी साडूंनीच फडक्यात बांधून दिली, धाग्याला मेण कसं लावायचं ते लेकीला समजावलं, आणि गाडी निघाल्यावर बराच वेळ प्लॅटफॉर्मवर उभे राहिले. परत येताना स्कूटर मी चालवली.

आता ते बारावी बासरी वाजवतात. ती अज्जी म्हैसूरला गेल्यावर केली, त्यामुळं तिला पास करायला कुणी नव्हतं. मला विचाराल तर मला काही वेगळं ऐकू येत नाही. गेल्या महिन्यात हुबळीला तेच गाणं झालं. त्यांनी नाव सांगितलं, गावासकट, आणि वाजवलं. नंतर सामान आवरताना मी म्हणालो, "अण्णा, आज अगदी तसंच झालं." ते बासरी पुसत होते. "फरक आहे," म्हणाले. रागानं नाही, नुसतं, कुणाच्या घरचा पत्ता सांगावा तसं. एरवी एवढा फरक राहिला असता तर त्यांनी ते गाणं यादीतून काढून टाकलं असतं. आता काढतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी बासरी पिशवीत ठेवली, पिशवी खांद्याला लावली आणि विचारलं, "पुढचा रविवार धारवाडचा ना?"